फिदेन्सिओ कुठल्या काळातला

मंगळवारी आणि गुरुवारी सफरचंदांच्या शेडमधली पाळी सुटली की निकानोर आणि त्याची बायको ओतिलिया हात खसाखसा धुऊन थेट चर्चच्या तळघरात जात. तिथं मिस कॅरल नावाच्या निवृत्त बाई मेक्सिकोतून आलेल्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवायच्या. वर्गाला जायचं ओतिलियानं ठरवलं होतं. निकानोर गेला तो ती एकटी जाऊ नये म्हणून, पण हे त्यानं कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

वर्गात त्याची गाडी पहिल्याच काळात रुतली. 'शी वर्क' म्हटलं की मिस कॅरल कानामागे हात धरून थांबायच्या, आणि शेवटचा तो 'स' काही केल्या त्याच्या तोंडून निघायचा नाही. ओतिलिया मात्र भराभर पुढं गेली. वर्तमानकाळ झाला, भूतकाळ झाला, आता तर ती 'हॅव' लावून बोलायला लागली होती. तिच्या एखाद्या बोलण्यावर मिस कॅरल खळखळून हसल्या की निकानोरला वाटायचं, घराचं एक दार आपल्या नकळत उघडलंय आणि किल्ली बायकोकडेच आहे.

एका मंगळवारी बाईंनी प्रत्येकाला आपल्या गावच्या एका माणसाबद्दल बोलायला सांगितलं. कुणी आजी सांगितली, कुणी पाद्री. ओतिलिया उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "आय हॅव लव्हड् फिदेन्सिओ सिन्स आय वॉज सिक्स्टीन."

बाईंनी भुवया उंचावून विचारलं, "स्टिल?"

ओतिलियाला तो शब्द कळला नसावा. ती हसून "येस, येस" म्हणाली आणि खाली बसली.

निकानोरला बाकीचं कळलं नाही, पण 'लव्ह' आणि 'फिदेन्सिओ' हे दोन शब्द बरोबर कळले. फिदेन्सिओ त्यांच्याच गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. मिरवणुकीत सगळ्यांत पुढं चालायचा, आणि बायका खिडक्यांतून ओणवून बघायच्या. घरी येताना पिकअपमध्ये निकानोर गिअर नुसते आदळत होता. ओतिलियानं काय झालं विचारलं, तर क्लच घासतोय म्हणाला. तिनं मक्याच्या टॉर्टिया गरम करून वाढल्या, त्याही तशाच निवल्या.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्यानं चुचोला गाठलं. चुचो त्याच्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, आणि हा वर्ग त्यानं आधीच पार केलेला. निकानोरनं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, फक्त कुणाचं ते सांगितलं नाही.

चुचो डागाळलेली सफरचंदं बाजूला टाकत म्हणाला, "नुसतं 'लव्हड्' असतं तर विषय संपला. गेलं ते गेलं. पण 'हॅव' आलं आणि मागून 'सिन्स' आलं, म्हणजे तेव्हापासून आजतागायत चालू आहे. कोण म्हणालं रे?"

"वर्गातली एक बाई."

"मग तिच्या नवऱ्याचं कठीण आहे," चुचो म्हणाला.

निकानोरचं डोकंच फिरलं. त्या दोन दिवसांत रेडिओवर बँड लागला की तो बटण फिरवायचा. ओतिलिया बहिणीशी फोनवर बोलू लागली की तो दारापाशी उगाच बूट पुसत उभा राहायचा. जेवणाच्या सुट्टीत एकटाच कोपऱ्यात बसून क्रियापदं घोकायचा. लोकांना वाटलं, गडी शिकायचं मनावर घेतोय.

गुरुवारी त्यानं वर्गात पहिल्यांदा हात वर केला. तो म्हणाला, "माय वाइफ. शी लव्हड्, ऑर शी हॅव लव्हड्?"

"हॅज," मिस कॅरल सवयीनं म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ओतिलियानं पर्स उचलली आणि ती जिना चढून बाहेर गेली.

ती पिकअपमध्ये बसली होती. निकानोर शेजारी जाऊन बसला.

"मला भूतकाळच म्हणायचं होतं," ती म्हणाली. "काळ चुकला. सोळाव्या वर्षी आवडायचा, एवढंच."

"म्हणजे होतं ना काहीतरी?"

"होतं."

त्याला वाटलं होतं, चूक निघाली की छातीवरचा दगड उतरेल. उलट तो जास्तच रुतला. "माझ्याजवळ कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तू रोसाल्बाबद्दल बोललास?"

रोसाल्बाशी निकानोरचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, ओतिलियाच्या आधी. हे ओतिलियाला ठाऊक असेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"ती इथं आली तेव्हा तू बागेत तोडणीला होतास, आणि ती दोन हंगाम शेडमध्ये माझ्याच निवडणीच्या पट्ट्यावर होती," ओतिलिया म्हणाली. "माझ्या शेजारी. तिनंच सांगितलं. तिला वाटलं, मला माहीत असणार."

"मग तू काय केलंस?"

"सफरचंदं निवडली. आणि घरी आले की तुझ्या तोंडाकडे बघायचे, आज तिची आठवण काढतोय की काय. तू नुसता भिंतीकडे बघत जेवायचास."

"मी दमलेला असायचो, ओतिलिया. तिचा विचार नसायचा."

"ते मला कसं कळणार? तू तोंड कधी उघडलंस?"

निकानोर मनाशी हिशेब करू लागला. आपण दोन दिवस जे भोगलं ते हिनं दोन हंगाम भोगलं, तेही उभ्यानं, काम करत. आणि घरात कधी भांडं आपटल्याचा आवाज आला नाही. त्याला तिच्याकडे बघवेना. वर्ग सुटला. लोक पिकअपच्या बाजूनं, मुद्दाम दुसरीकडे बघत निघून गेले. "माफ कर," तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि गाडी सुरू कर म्हणाली.

मंगळवारी दोघं पुन्हा वर्गात जाऊन बसले. बाईंनी थेट भविष्यकाळ काढला. निकानोरचा मत्सर काही पुरता गेला नाही, पण आता तो विचारायला लागला. एकदा भांडी पुसताना त्यानं विचारलं, फिदेन्सिओ उंच होता का?

"तुझ्याहून बुटका," ओतिलिया म्हणाली. "दात मात्र सुंदर होते हं."

पुढचा आठवडाभर निकानोर आरशासमोर उभा राहून आपले दात बघत होता.