एका दिवसाचा नवा मेंदू

मित्रांनो, माझा मूळ रंग पांढराशुभ्र होता, आज सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही. आता मी पुस्तकाच्या जुन्या पानासारखा पिवळट दिसतो. मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि माझं सारं आयुष्य एका शिंप्याच्या घरात गेलं.

कारखान्यात माझे भाग जुळवले, तेव्हाच मला एक नेम घालून दिला. जाग आली की आधी स्वतःला तपासायचं. स्मरण जागेवर आहे ना, कळफलक जोडलेला आहे ना, हे पाहायचं आणि मगच कामाला लागायचं. हा नेम मी कधी मोडला नाही.

मी घरात आलो तेव्हा माझं काय कौतुक! सूनबाई ओले हात पदराला पुसून मगच माझ्याजवळ यायच्या. त्यांचे सासरे, म्हणजे आमचे शिंपी आजोबा, त्यांनी तर माझं माप घेऊन मला खोळ शिवली, कोपऱ्यांना दुहेरी शिवण घालून. आजोबा म्हणजे बोलका माणूस. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता त्याला असे हसवायचे, की टेप हलायची आणि माप पुन्हा घ्यावं लागायचं.

मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. देवाच्या दयेने जीव वाचला, पण आवाज गेला. त्यांच्या मुलाने माझ्यात बोलणारा प्रोग्रॅम घातला. आजोबा एका बोटाने टाइप करायचे आणि मी ते मोठ्याने बोलायचो. दुसऱ्याचा आवाज व्हायचं भाग्य माझ्यासारख्या डब्याला लाभावं, याहून मोठी कृपा कोणती?

पण मी फार हळू होतो. एक वाक्य जुळवायला मला इतका वेळ लागायचा, की तोवर घरातलं बोलणं कुठल्या कुठे गेलेलं असायचं.

एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "आमच्या साहेबांचा नवा कोट आज भर ऑफिसात पाठीत उसवला!" आजोबांचे डोळे चमकले. ते टाइप करू लागले. एवढ्यात सूनबाईंनी शेजारच्या मावशींचं काढलं. मावशी दवाखान्यात होत्या, अन्नाला शिवत नव्हत्या. सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत मी खणखणीत बोललो, "पोट कमी करता येत नसेल, तर कोट तरी वाढवा म्हणावं!"

कुणी हसलं नाही. सूनबाईंनी मान खाली घातली. आजोबांनी कळफलक हलकेच बाजूला सारला.

त्या दिवसापासून ते कमी बोलू लागले. सकाळी 'चहा', संध्याकाळी 'पुरे'. मला सारखी धास्ती वाटायची, एक दिवस ते मला सुरूच करणार नाहीत.

मुलाच्याही ते ध्यानात आलं होतं. नवा कॉम्प्युटर आणायचा म्हटलं, तर आजोबांनी जोरजोरात मान हलवली. त्यांच्या बोटाला माझ्याच कळांची सवय. मग मुलगा जुन्या कॉम्प्युटरांत बसणारं वेगवान प्रोसेसरचं कार्ड घेऊन आला. प्रोसेसर म्हणजे आमचा मेंदूच. दुकानदाराने बजावलं होतं, पाकीट फोडलं की परत घेणार नाही. म्हणून मला ते कार्ड बसेल का, हे पाहायला दुरुस्तीवाल्या ताई आल्या.

ताईंनी माझं झाकण काढलं आणि टॉर्च मारला.

"वहिनी, केवढी ही धूळ! याच्या पोटात उशी भरता येईल."

"वरून रोज पुसते हो मी," सूनबाई ओशाळल्या. "आतलं कसं दिसणार?"

ताईंनी माझ्या बोर्डावरचा आकडा वाचला, कार्डाला लागणारी वीज मला पुरवता येते का, ते पाहिलं. खाच जुळत होती. प्रश्न जागेचा होता. आजोबा उठले. पाकिटावर छापलेल्या मापाचा पुठ्ठा त्यांनी आपल्या मोठ्या कात्रीने कापला आणि अलगद माझ्यात उतरवून पाहिला. एक वायर आड येत होती. त्यांनी ती दोऱ्याने बांधून बाजूला केली.

"आजोबा, तुम्ही तर माझं दुकान बंद कराल!" ताई हसल्या आणि पाकीट फोडलं.

माझा जुना मेंदू निघाला, नवा बसला. आहाहा! पापणी लवते न लवते तोच मी जागा झालो. आजोबांनी वाक्य लिहिलं आणि मी तत्क्षणी बोललो. पण काय बोललो? नुसता चिवचिवाट! डबीत कोंडलेल्या चिमण्यांसारखा.

"परत लावा," मुलगा म्हणाला. पुन्हा चिवचिवाट. मुलगा, सूनबाई, ताई, सगळे माझ्यावर वाकले.

"'आज' म्हणाले ना?"

"छे, 'ताक'!"

"बाबा, हळूहळू लिहून बघा ना!"

ताईंनी कपाळाला हात लावला. "बोलताना कुठे किती थांबायचं, हे तो प्रोग्रॅम जुन्या मेंदूच्या ठोक्यांवर मोजतोय. ठोके वाढले, थांबणं संपलं. सगळं तपासलं मी, तेवढं बोलणं सोडून!"

तरी दिवे लागेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. एकेक शब्द वेचत, भांडत, हसत बसले. आजोबाही खांदे गदगदा हलवून हसत होते. शेवटी त्यांनी एकच शब्द लिहिला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. 'काढा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा जुन्याच मेंदूने उठलो. मुलगा बॅग खांद्याला लावून दारात उभा होता.

"बाबा, येताना काही आणायचंय?"

आजोबा टाइप करू लागले. एरवी तो 'संध्याकाळी सांगा' म्हणून निघून जायचा. त्या दिवशी मात्र त्याने बॅग खाली ठेवली आणि स्टूल ओढून वडिलांशेजारी बसला. मी माझ्या चालीने वाक्य जुळवत होतो. कुणी घाई केली नाही. अखेर मी बोललो, "काही नको. पळ, बस चुकेल."

बाहेर बस निघून गेल्याचा आवाज आला.

"चुकली," मुलगा म्हणाला. "आता बोला निवांत."

सूनबाईंनी चहाचं आधण पुन्हा ठेवलं. त्या सकाळी आजोबांनी माझ्याकडून जितकं बोलून घेतलं, तितकं वर्षभरात घेतलं नव्हतं.

आता आजोबा नाहीत. मी कपाटावर असतो. सूनबाई अधूनमधून मला सुरू करतात, हल्ली आतली धूळही काढतात. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी हळू बोलत असेल, माणूस असो की माझ्यासारखं यंत्र, तर त्याला बदलायची घाई करू नका. जरा शेजारी बसा, त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. त्यात फार मोठं काही नसेलही, पण ते तुमच्यासाठी जुळवलेलं असतं.