बापाचे डोळे आणि तुमचा तक्ता

आंधळे तुम्ही आहात, साहेब. परवान्याच्या ऑफिसात खुर्ची टाकून जगाचे डोळे तपासता आणि स्वतः मान वर करून बघत नाही. माझ्या बापाच्या परवान्यावर तुम्ही 'दृष्टी उत्तम' असा शिक्का मारलात. त्या शिक्क्याच्या जोरावर तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. त्याच व्हॅनमध्ये माझ्या भावाची मुलगी, आमची चिमणी, बसते. मी सांगायला आले तर शिपायाला दार उघडायला लावलंत. आता सगळं पहिल्यापासून ऐका.

मला संशय आला तो चहावरून. बाबा चहा ओतताना कपाच्या काठातून आत बोट धरायला लागले. बोटाला चटका बसला की कप भरला. विचारलं तर म्हणाले, "गरम आहे का बघतोय." आत्ता गॅसवरून उतरवलेला चहा गरम आहे का, हे बघायला बोट घालावं लागतं? तेव्हापासून मी पाळत ठेवली. जिन्यात समोरून कुणी आलं की ते माणूस बोलेपर्यंत हे गप्प. आवाज ऐकला की मग, "काय, आज लवकर सुटलात?" व्हॅनच्या डाव्या अंगाला ओरखडे. म्हणे, कुणीतरी घासून गेलं. कुणीतरी रोज घासतं आणि रोज डावीकडूनच? एकदा मी शेजारी बसून गेले. गर्दीत पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून हा माणूस झक्क चालवत होता. मोकळा रस्ता लागला की मात्र पाय ब्रेकवर. लोकांचं उलटं असतं.

"बाबा, डोळे दाखवून घ्या."

"कुणाचे, माझे? अगं, या गावातल्या निम्म्या पाट्या मी रंगवल्यात. केसाएवढी रेघ मारायचो, तीही दोरी न धरता."

ते खरंच होतं. मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या आणि त्यांचा कुंचला सुटला, तेव्हा त्यांनी व्हॅन घेतली. पण केसाएवढी रेघ मारणारा माणूस आणि आज कपात बोट घालणारा माणूस एकच आहे, म्हणून डोळेही तेच राहिले?

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं, उगाच मनात घेऊ नका. बाबांना रस्ता तोंडपाठ आहे."

"रस्ता असेल पाठ. चेंडूमागे रस्त्यात धावणारं पोर पाठ असतं का?"

तिने चिमणीचं दप्तर भरलं. आणि सकाळी चिमणीला त्याच व्हॅनमध्ये बसवलं.

मग परवान्याचं नूतनीकरण निघालं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आता सापडतील. घरच्यांचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकावंच लागेल. मी बरोबर आले. जमिनीवर पिवळी रेघ, समोरच्या भिंतीवर तक्ता, खिडकीतून त्यावर पडलेलं ऊन. तक्त्यावर नुसत्या काळ्या कड्या, प्रत्येकीचं तोंड एका बाजूला उघडं. वर मोठ्या, खाली बारीक होत गेलेल्या. तोंड कुठे आहे ते सांगायचं. आमच्या पुढे एक तरुण मुलगी होती. शेवटच्या ओळीशी अडली. "खालचं नीट दिसत नाहीये," म्हणाली. तुम्ही कागदातून डोकं न काढता म्हणालात, "चष्मा करा, मग या."

मग बाबा. एका डोळ्यावर तळवा ठेवला आणि सुरू झाले. "वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे..." शेवटच्या कडीपर्यंत एक अडखळ नाही. दुसऱ्या डोळ्यानेही तसंच. तुम्ही म्हणालात, "वा आजोबा, घारीची नजर आहे!" बाबा विजयाने माझ्याकडे बघून हसले. म्हणजे माझ्या खांद्याशेजारच्या भिंतीकडे बघून हसले.

मला तुमचा संशय आला, हे तोंडावर सांगते. वाटलं, तुमच्या कारकुनाने आदल्या दिवशी पढवलं. वाटलं, टेबलाखालून काही सरकलं. बाबांच्या शर्टाचे खिसे उलटे केले, चिठ्ठी असेल म्हणून. खडीसाखर निघाली. आईला म्हटलं, "हे आपल्याला फसवतायत."

"तुझे बाबा? त्यांना साधी थाप मारता येत नाही. कान लाल होतात त्यांचे."

शेवटी मीच तक्ता केला. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू, वर बशी ठेवून कडी, खाली झाकणं, सगळ्यांत खाली शर्टाची बटणं. रंग त्यांच्याच डब्यातला. भर दुपारी, चांगला उजेड बघून, पडवीच्या टोकाला लावला आणि त्यांना या टोकाला उभं केलं.

"वाचा."

"पोरखेळ," म्हणाले, पण छाती पुढे काढून उभे राहिले. "वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे..."

माझ्या पहिल्या कडीचं तोंड खाली होतं. दुसरीचं डावीकडे. सगळं चुकत होतं, आणि ते थांबत नव्हते. आवाज तोच, ठणठणीत. कान लाल नव्हते.

"बघ. एक तरी चुकलं?"

मी 'सापडलात' म्हणून ओरडणार, एवढ्यात भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "अहो, हे तर तुमचं जुनंच पालुपद. त्या परवाना ऑफिसचा तक्ता रंगवत होतात ना, तेव्हा दिवसभर हेच. जेवताना घास तोंडात, तरी वर, उजवीकडे, खाली, खाली."

तेव्हा माझी नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली. मांडीशी दोन बोटं चिमटीत होती आणि प्रत्येक शब्दागणिक त्यांना झटका बसत होता. त्या हातात कुंचला होता, साहेब, फक्त दिसत नव्हता. पेंटर आधी सबंध कडी काळी करतो, मग पांढऱ्या रंगाचा एक फटकारा मारून तिचं तोंड उघडतो. क्रम चुकला तर सगळा तक्ता वाया, म्हणून तोंडाने घोकत राहायचं. तुमच्या भिंतीवरचा तक्ता माझ्या बापाने, माझ्या जन्माच्याही आधी, असा घोकून काढलेला आहे. ना कारकून, ना चिठ्ठी. तो खोटं बोलत नव्हता. त्याला त्या जुन्या कड्या समोर दिसतच होत्या! तो लबाड आहे याबद्दल माझी पक्की खात्री होती, आणि ती तोंडावर आपटली. खोटं बोलणाऱ्याला धाकात तरी ठेवता येतं. याला काय करणार?

"म्हणजे तो तक्ता तुम्हीच काढलाय," मी म्हटलं.

"मग? मी काढला म्हणून मला दिसू नये?"

तरतरा चालत गेले आणि माझ्या तक्त्याला नाक लावलं. बराच वेळ नाक तिथेच. मग माझ्याकडे वळले.

"तू बदललास."

"काय?"

"मी वाचला तेव्हा हा नव्हता. मी वळेपर्यंत बदललास. घरचीच माणसं माझ्या पोटावर उठलीत!"

मी त्यांच्या कानांकडे बघितलं. पांढरेफटक होते.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. आठवतंय? मी म्हटलं, साहेब, शेवटची ओळ तुम्ही सांगा बघू. तक्त्याकडे पाठ करून तुम्ही धाडधाड म्हणून दाखवलीत. वर म्हणालात, "झोपेतून उठवलं तरी सांगेन." म्हणजे बाबा पाठ म्हणत होते आणि तुम्ही पाठ तपासत होतात. तक्ता बिचारा भिंतीवर एकटाच. मी जवळ जाऊन बघितला. खालची ओळ उन्हाने खाऊन टाकली आहे. पोपडे उडालेत, कड्या नको तिथे फुटल्यात, कुणाचं तोंड कुठे ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ज्या मुलीला खरं दिसलं, तिने खरं सांगितलं. तिला तुम्ही चष्मा करायला पाठवलंत. ज्याला दिसत नाही तो पास.

मी म्हटलं, एकदा उठून बघा तरी. तुम्ही उठला नाहीत. "अहो बाई, माणूस दारातून चालत आला की मी ओळखतो, याला दिसतं की नाही. तुमच्या वडिलांना दिसतं. माझी खात्री आहे." आणि शिपायाने दार उघडलं.

घरी व्हॅनची किल्ली लपवली, तर बाबांनी परवाना काढून टेबलावर आपटला. "हा शिक्का मोठा की तुझी बशी?" आता वहिनीही कुजबुजते, चिमणीला मी चालत सोडीन. बाकीच्या मुलांचं काय, विचारलं तर पदराशी चाळा करते. आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईजवळ निरोप ठेवलाय. "त्या साहेबांनी मला बोलवावं आणि सांगावं, की तुला दिसत नाही. मी तिथल्या तिथे किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवीन. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही." आणि ठेवतील ते. शब्दाला पक्का माणूस आहे.

सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडते. आज शुक्रवार. लपवलेली किल्ली काल त्यांना सापडली. हाताने चाचपून सापडली. काल संध्याकाळी त्यांनी व्हॅन धुतली, आणि मागची काच तशीच चिखलाने भरलेली ठेवून "चकाचक झाली" म्हणाले.

नवा तक्ता लावायला तुम्हाला एक खिळा लागेल. खिळा नसेल तर मी आणते. सोमवारच्या आत माझ्या बापाला बोलावून त्या तक्त्यासमोर उभं करणार आहात की नाही? तुमचा अनुभव, तुमची खात्री मला सांगू नका. हो की नाही, तेवढं सांगा.