न वाजलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. शाळेतली नव्हे हं! शाळेतल्या घंटीचा थाटच वेगळा, तिला रोज वाजायला मिळतं. मी दवाखान्यातली, शक्यतो वाजूच नये म्हणून ठेवलेली. मला ओतणाऱ्या कारागिराने पहिल्यांदा हलवून बघितलं आणि म्हणाला, "आवाज खणखणीत आहे पोरीचा!" त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

आमच्या बाई अ‍ॅक्युपंक्चर करतात. खाली शिंप्याचं दुकान आहे. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "मी कपडे शिवतो, वर बाई माणसं शिवतात." काळजीने पोखरलेली, झोप उडालेली माणसं जिना चढून येत. बाई त्यांच्या कपाळावर, कानांवर, पायांवर आणि डाव्या मनगटावर केसासारख्या बारीक सुया टोचत. उजवा हात मोकळा ठेवून त्यात मला देत. "वीस मिनिटं हलू नका. जीव घाबरला तर ही वाजवा, मी पडद्यापलीकडेच आहे." बहुतेकांना मग झोपच लागे.

एकदा एक अँब्युलन्सचा ड्रायव्हर आला. चांगला आडदांड माणूस. त्याची गाडी एकदा रहदारीत अडकली आणि आतला पेशंट वाटेतच गेला. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की ह्याच्या छातीत धडधडायचं, किल्ली फिरवणंच व्हायचं नाही. "बाई, महिनाअखेर कामावर हजर व्हायचंय," तो म्हणाला. "दुसरं काही येत नाही हो मला." पहिल्या दिवशी त्याने मला असं आवळलं होतं की घामाने मी निथळत होते. सातव्या खेपेला मूठ सैल पडली आणि गडी चक्क घोरायला लागला. बाईंनी पडद्याआड डोळे पुसले. मी तर फुशारून गेले.

पण घंटीच्या पोटात लोलक असतो, तो आपटला तरच ती वाजते. माझा लोलक ज्या तारेला टांगला होता ती झिजत चालली होती. वाजवायची वेळच येत नसे, म्हणून कुणी वाजवून बघतही नसे. आठव्या खेपेच्या आदल्या दिवशी फडकं मारताना तार तुटली आणि लोलक कपाटाखाली घरंगळला. फडकं मारणाऱ्या मावशींना ऐकू कमी येई, त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला सुया टोचून बाई पडद्याबाहेर गेल्या, आणि रस्त्यावरून सायरन वाजत गेला. त्याचा श्वास अडकला. घशातून आवाज फुटेना. त्याने मला हलवलं. पुन्हा हलवलं. किती जोरात हलवलं म्हणून सांगू! मी मुकी. सुया उपटून तो उठला असता, पण हलू नका म्हणून सांगितलेलं त्याने पाळलं. आणि पडद्यापलीकडे बाई पुढच्या पेशंटला हळूच म्हणाल्या, "झोपलाय बिचारा. आणखी दहा मिनिटं पडू दे."

बाई सुया काढायला आल्या तेव्हा त्याचा शर्ट ओलाचिंब होता.

"बरं वाटतंय ना?"

"हो," म्हणाला, मला उशाशी ठेवलं आणि जिना उतरला. पुन्हा आला नाही.

महिना उलटल्यावर त्याची बायको आली. "बाई, ह्यांनी नोकरी सोडली. खोलीबाहेर पडत नाहीत. म्हणतात, जन्मभर लोकांच्या हाकेला धावलो, आणि मी बोलावलं तर कुणी आलं नाही."

बाईंनी मला उचलून हलवलं, मग उलटी करून माझ्या रिकाम्या पोटात बघितलं. "अगं, मला वाटलं ते झोपलेत," त्या म्हणाल्या.

त्याच्या घरी त्या तीनदा जाऊन आल्या. तिन्ही वेळा त्याने आतून कडी काढली नाही.

मला नवा लोलक बसवला, दहा मिनिटांचं काम. आता बाई रोज सकाळी मला वाजवून बघतात आणि दर पाच मिनिटांनी आत डोकावतात. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गप्प पडून असेल तर झोपलंय असं धरून चालू नका. जवळ जा, विचारा. मी वाजेन म्हणून वाट बघत बसू नका.