चुकीच्या दारातलं गाठोडं

कुन्झेस पहाटे स्वतःचंच गाठोडं चोरायला निघाली, तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा उठली नव्हती.

गाठोड्यात फार काही नव्हतं. एक लोकरी अंगरखा, मूठभर सातूचं पीठ, एक मंतरलेला दोरा. पण ते प्रस्थानाचं गाठोडं होतं. मंगळवार निघायला वाईट, असं गावच्या जोतिष्याने पोथी न उघडताच सांगितलं होतं. मग सोमवारीच गाठोडं घराबाहेर जायला हवं, म्हणजे प्रवास सोमवारीच सुरू झाला असं ग्रहताऱ्यांना वाटतं. ग्रहतारे इतके भोळे कसे, हे इथे कुणी विचारत नाही. नियम मात्र कडक: गाठोडं ज्या वाटेवरच्या दारात ठेवलं, त्याच वाटेने निघायचं. ते माघारी आणलं तर कुठलाही घोडेवाला घोडा सोडत नाही.

गावातून दोन वाटा निघतात. खालची पुलाजवळच्या अमा चोरोलच्या दारावरून नदीकाठाने जाते. ती जवळची, देखणी, आणि पुन्हा पुन्हा नदीत उतरायला लावणारी. वरची म्हाताऱ्या आबी यांगडोलच्या घरामागून थेट खिंडीवर चढते. ती लांबची, उजाड, छातीचा भाता करणारी. बेल्जियमहून ट्रेकिंगला आलेल्या नवराबायकोसाठी लेहच्या सहल कंपनीने खालची वाट ठरवली होती. घोडे कुन्झेसचा मामा मोरुप याचे. आदल्या संध्याकाळी गाठोडं घेऊन तोच बाहेर पडला होता.

पुढे पाकिस्तानात जाणाऱ्या याच नदीने गेल्या उन्हाळ्यात मोरुपचं खेचर नेलं होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला कुन्झेस होती. ती कमरेपर्यंत पाण्यात ओढली गेली आणि तेवढ्यात दोर तुटला आणि मामाने तिला बाहेर ओढलं, म्हणून वाचली. मोरुपने त्याचाही विनोद केला. "गेलं पाकिस्तानला, नातेवाइकांना भेटायला," असं तो ज्याला त्याला सांगायचा. सगळे हसायचे, कुन्झेसही हसायची. पण तेव्हापासून पाण्याचा आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. यंदा तर ऊन असं तापलं होतं की बर्फ वितळून नदी सकाळीच गढूळ व्हायची. आज त्याच पाण्यात तिला उतरायचं होतं, पाहुण्यांनाही उतरवायचं होतं.

बोलायची सोय नव्हती. गावातली ती पहिली बाई गाइड. 'नदीला घाबरते' असं एकदा कुणाच्या तोंडून निघालं असतं, तर दुसऱ्या दिवशी लेहच्या बाजारात पोचलं असतं. म्हणून तिने ठरवलं, चोरोलच्या दारातलं गाठोडं गुपचूप उचलायचं, वर यांगडोलच्या दारात नेऊन ठेवायचं, आणि कानावर हात ठेवायचे. माघारी फिरवण्याचं पाप तिच्या एकटीच्या डोक्यावर राहिलं असतं, आणि तेवढं पाप तिला परवडणार होतं.

पण चोरोलच्या दारात गाठोडं नव्हतंच.

"कोण गं ते?" चोरोलने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मी, अमा-ले. गाठोडं नीट आहे ना, बघायला आले."

"कसलं गाठोडं? तुझा मामा फिरकलाच नाही इकडे. मी त्याच्यासाठी प्यायला सातूची छांग गाळून ठेवली होती, मेल्यासाठी!"

कुन्झेस धावतच घरी आली. मोरुप खोगिरं आवळत होता.

"अजांग-ले, गाठोडं कुठे ठेवलंत?" तिने मामाला विचारलं.

"यांगडोलकडे."

"यांगडोलकडे? आपल्याला खाली जायचंय!"

मोरुपने कपाळावर हात मारला. "कोन्चोक, देवा! खरंच की गं! विचारात होतो, पाय आपोआप वर गेले. म्हातारा झालो आता."

पन्नाशीही न गाठलेल्या त्या म्हाताऱ्याला कुन्झेसने चार माणसांदेखत यथेच्छ झाडलं. तोंडाने झाडत होती, पण आतून तिला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

गाठोड्यामुळे आता वरच्या वाटेने जायचं, हे पाहुण्यांना सांगणं सोपं गेलं. नवरा, लुक, हिरमुसल्यासारखा दिसला. नदीचे फोटो पाहूनच तो इतक्या लांब आला होता म्हणे. बायको मार्गो मात्र लगेच म्हणाली, "नियम म्हणजे नियम." आणि नवऱ्याने तोंड उघडायच्या आत ती वरच्या वाटेला लागलीसुद्धा.

चढाने सगळ्यांचा जीव काढला. लुक दर वळणावर थांबायचा, मोरुप घोड्यांना शिव्या घालायचा. कुन्झेसला मात्र दम लागला तरी बरं वाटत होतं. पायाखाली कोरडा दगड होता, आणखी काय हवं होतं तिला! खिंडीत पोचल्यावर मोरुपने मंत्र छापलेल्या पताकांपाशी धोंडा ठेवला आणि "की की सो सो, ल्हा ग्यालो!" अशी देवांच्या नावाने आरोळी ठोकली. मग दोघं कड्याशी जाऊन खाली बघायला लागली.

"पहिल्यांदा पाण्यात उतरतो तिथला तो पांढरा गोट्यांचा पट्टा कुठे गेला?" तिने विचारलं.

"पाण्याखाली."

पट्टा नव्हता, काठावरची झुडपंही नव्हती. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत नुसतं तपकिरी पाणी होतं.

"बरं झालं चुकलात, अजांग-ले."

"चुकलो?" मोरुपने तिच्याकडे पाहिलं. "चोरोलकडे छांग गाळलेली असताना, ती सोडून मी चुकून चढ चढेन?"

कुन्झेसच्या ध्यानात आलं. मग तिला हसू फुटलं. "आणि मी पहाटे तिच्या दारात कशाला गेले होते, वाटतं तुम्हाला? गाठोडं उचलून वर न्यायला!"

"चोरटी कुठली!"

"तुम्ही तर पक्के लबाड!"

हसता हसता मोरुपने बाहीने डोळे पुसले. "ते खेचर मी शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं गं," तो म्हणाला. "आणि तुला पाण्यातून ओढून काढलं, तेव्हापासून त्या काठाची धास्तीच घेतलीय मी. पण घोडेवाल्याने सांगायचं कुणाला?"

"मला सांगायचं."

"आणि तू कुणाला सांगितलंस?"



"काय झालं?" मार्गोने जवळ येऊन विचारलं. काहीतरी थाप मारावी असं कुन्झेसच्या जिभेवर आलं होतं, पण आता तिला त्याचाही कंटाळा आला. "आम्हाला दोघांना नदीची भीती वाटते," ती सरळ म्हणाली.

मार्गो मटकन दगडावर बसली. "मला पोहताच येत नाही. गेली रात्रभर मी जागी होते. पण लुकला नदीच हवी होती."

"मला?" लुक ओरडला. "फोटो पाहून नदी नदी करत होतीस ती तू! मी आपला तुझ्यासाठी हो म्हणालो, भीती गिळून!"

"काय म्हणतायत?" मोरुपने विचारलं.

"तेही आपल्यातलेच आहेत," कुन्झेस म्हणाली.

मोरुपने पिशवीतून खंबीर, म्हणजे जाड आंबवलेली रोटी काढली, तोडून चौघांत वाटली आणि घोडे मोकळे सोडले. कुन्झेस खात खात पुन्हा एकदा कड्याशी गेली. खाली नदी फुगून धावत होती, पण इतक्या वरून तिचा आवाज येत नव्हता. तिने कान देऊन ऐकलं. पताकांची फडफड होती, घोड्यांच्या घंटा होत्या, आणि मागे ते नवराबायको अजून भांडत होते.