दोन वळणं राहिली

ठमीचे बाबा बावीस वर्षं त्या खिंडीतून ट्रक नेत होते. माथ्यावर पोचलं की पलीकडचं पठार पायाखाली अंथरल्यासारखं दिसतं, ते लेकीला दाखवायचं हे त्यांच्या मनात कधीचं होतं. दर वेळी ठमीचं काहीतरी निघायचं. कधी परीक्षा, कधी मैत्रिणीचा वाढदिवस. आता मात्र शेवटची संधी होती. उद्यापासून बोगदा सुरू आणि खिंडीचा रस्ता कायमचा बंद!

घाटाच्या पायथ्याशी ड्रायव्हरमंडळींचा एक नियम होता. नवखं कुणी सोबत असेल, तर निघण्याआधी त्याला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावायचा. पायथाही उंचावरच; तिथल्या विरळ हवेनं डोकं जड झालं असेल तर माणूस अडखळतोच. मग शरीर सरावेपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, मुक्काम.

ठमीचं डोकं सकाळपासूनच ठणकत होतं. पण थांबायचं? छे! हातमोजा घालण्याआधी तिनं पेननं तळहातावर अख्खा पाढा लिहून घेतला.

“हं, मास्तरीणबाई, म्हणा,” बाबा म्हणाले.

मोजा हळूच सरकवून तिनं घडाघडा म्हटला.

“शाब्बास! माझी पोर ती!”

माथा दोन वळणांवर असताना तिला भडभडून उलटी झाली. बाबांनी ट्रक कडेला घेतला.

“दोनच वळणं, बाबा. चला ना!”

“अर्धं वळण राहिलं असतं तरी नाही. उलटी झाली की खाली उतरायचं.”

गार पडलेले हात चोळायला त्यांनी तिचे मोजे काढले आणि तळहात दिसला. त्यांनी तो पाढा वाचला आणि हात चोळायला घेतले.

“दुपारी निघालो असतो तर?” तिनं विचारलं.

“तर बहुतेक पोचलो असतो.” मग म्हणाले, “अक्षर मात्र सुधारलंय हं तुझं.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बोगद्यातून अकरा मिनिटांत पलीकडे. पठार होतं, पण रस्त्याला लागून, सपाट, कुठल्याही मैदानासारखं.

“वरून ना, हे असं...” बाबांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलला, आणि तसाच खाली ठेवला. “जाऊ दे. भूक लागली का?”

ठमीनं नाही म्हणून मान हलवली. मग कुणी विचारलं नसतानाही, खिडकीबाहेर बघत ती म्हणू लागली, “एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, एकशे छत्तीस...”

एकदाही अडखळली नाही.