मनगटाच्या मापाचा खेळ

सासूबाई पडल्या त्या स्टुलावरून, आणि ते स्टूल सुनेने केलेलं होतं. घरातल्या तिघांनाही हे ठाऊक होतं, आणि तिघांपैकी एकानेही त्याबद्दल ब्र काढला नव्हता.

सून सुतारकाम करायची. लाकडी फर्निचरच्या एका कारखान्यात तिला अकरा वर्षं झाली होती. कपाटाची दारं अशी बसवायची की मध्ये पोस्टकार्डसुद्धा जाऊ नये. सासूबाई शिवणकाम करायच्या, घराच्याच पुढच्या खोलीत, चाळीस वर्षं. कोट, गणवेश, फ्रॉक, पडदे, जे येईल ते. गल्लीत सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि मावशींचं माप चुकलं असं कोणी म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. दोघी हाताने कमावणाऱ्या, दोघी कामात काटेकोर, आणि कदाचित म्हणूनच दोघींचं फारसं सूत जुळलं नव्हतं. भांडण असं कधी झालं नाही. “चहा ठेवू का, आई?” “ठेव.” एवढ्यावर नऊ वर्षं निभावली होती.

स्टूल वरच्या फळीवरचे कापडाचे तागे काढण्यासाठी होतं. त्याचा एक पाय हलायला लागला. सासूबाईंनी दोनदा सांगितलं, सुनेने दोनदा “रविवारी बघते” म्हटलं. दोन रविवार आले आणि गेले. मग एका बुधवारी सकाळी तो पाय निखळला आणि सासूबाई उजव्या हातावर आपटल्या. मनगट दोन जागी मोडलं.

सुनेने त्याच संध्याकाळी स्टुलाचे तुकडे कारखान्यात नेले आणि भंगार लाकडात टाकून दिले. दुरुस्त करायला तिचा हातच धजावला नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात बारीक, फिकट आणि लाकडासारखा ताठ होता. व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट वयाने लहान, पण बोलायला पक्की होती. तिने एक मऊ चेंडू दिला. दाबा, सोडा, मनगट वर, मनगट खाली, दिवसातून चार वेळा.

“चेंडू दाबायला मी काय पाळण्यातलं बाळ आहे?” सासूबाई घरी येऊन म्हणाल्या आणि चेंडू बटणांच्या डब्यात टाकला. तो तिथेच राहिला.

मुलगा शाळेत गणित शिकवायचा. त्याने भिंतीवर तक्ता लावला, खुणा करायला पेन्सिल बांधली. आठवडाभर तक्ता कोराच राहिला. “आई, अशाने हात कायमचा आखडेल,” तो म्हणाला. “माझा हात आहे,” त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. पण शिवणयंत्रावरचं कापडी आच्छादन त्या रोज सकाळी काढायच्या, समोर बसायच्या, आणि थोड्या वेळाने परत घालायच्या. सुनेने हे दाराआडून दोनदा पाहिलं. त्यानंतर पुढच्या खोलीतून जायचं झालं की ती खाली मान घालून जायची.

पुढच्या खेपेला दवाखान्यातून निघाल्यावर बसला वेळ होता म्हणून दोघी खालच्या चहाच्या दुकानात बसल्या. कोपऱ्यात एक जुनं खेळाचं यंत्र होतं. उभं कपाट, वर काच, पुढे दांडा आणि बटणं. बंद पडलेलं. सुनेने चहा आणला तेव्हा सासूबाई त्या यंत्राला टेकून रस्त्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा उजवा हात आपसूक तो दांडा फिरवत होता. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. वर दवाखान्यात रडतखडत जेवढं मनगट वळलं नव्हतं, तेवढं इथे नकळत वळत होतं.

सून दोन्ही हातांत पेले धरून तशीच उभी राहिली. हाक मारली तर हात थांबेल, म्हणून चहा निवू दिला.

त्या शनिवारी तिने कारखान्यातून प्लायवूडचे तुकडे आणले. एका बाजूला पांढरा सनमायका लावलेले, कुठल्याशा स्वयंपाकघराच्या कामातून उरलेले. ऑफिसात धूळ खात पडलेला संगणकाचा पडदा तिने मालकांकडून मागून घेतला. आत बसवायला पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक, दांडा आणि बटणं नवऱ्याने मागवली. त्याच्या एका विद्यार्थिनीने जुन्या धाटणीचे सोपे खेळ स्वतः लिहून ठेवले होते, तेही तिने दिले.

“उभं कपाट नको,” सून म्हणाली. “टेबलावर मावेल एवढंच करू. बसून खेळता आलं पाहिजे.”

“पडदा किती अंशांत कलता ठेवायचा, ते मी काढून देतो,” नवरा वही घेऊन बसला.

“तू काढ. तोवर मी कापून टाकते.”

मागच्या अंगणात तिने बाजूच्या दोन फळ्या आखल्या. वर टोपीसारखा पुढे आलेला भाग, मध्ये पडद्यासाठी मागे गेलेला उतार, खाली हात टेकायला पुढे आलेलं नाक. करवत-यंत्र चालवून दोन्ही कापल्या, कडा घासल्या, समोरासमोर उभ्या केल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. आवाजाने आल्या असाव्यात.

“दोन्ही डाव्याच कापल्यास,” त्या म्हणाल्या.

खरं होतं. सनमायका एकाच बाजूला. एक फळी उलटी करून दुसरी आखायची, हे पहिल्या वर्षाला शिकणारा उमेदवारही चुकत नाही. आता एकीचा पांढरा भाग बाहेर आला तर दुसरीचा आत जात होता.

“अशा बाह्या कापल्या असत्या मी, तर गिऱ्हाईक एकच हात घालून घरी गेलं असतं.” सासूबाई पायरी उतरून आल्या. “काय आहे हे?”

सुनेने सांगितलं. खेळ आहे. तुमच्यासाठी. दांडा उजवीकडे असेल. ‘व्यायाम’ हा शब्द तिने टाळला, पण तो न बोलताच दोघींना ऐकू आला.

आता नकार येणार, असं तिला वाटलं. सासूबाईंनी फळीच्या नाकावर डावा हात ठेवला, कोपर टेकवून पाहिलं आणि नापसंतीने ओठ मुडपले.

“हे कोणाच्या मापाचं?”

“नेहमीच्या मापाचं. पुस्तकात असतं तसं.”

“पुस्तक खेळणार आहे का? माणसाचं माप घेतल्याशिवाय मी रुमालसुद्धा शिवत नाही.” त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि सुनेच्या हातात दिली. “घे.”

नऊ वर्षांत ती टेप सुनेच्या हातात पहिल्यांदाच आली होती. सासूबाई खुर्चीवर बसल्या. टेबलापासून कोपरापर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत तिने मापं घेतली. मनगटाशी आल्यावर तिची बोटं जरा अडखळली. तिथे अजून सूज होती.

“घट्ट धर. काच नाहीये मी.” मग सासूबाई म्हणाल्या, “दीड इंच खाली घे. नाहीतर खांदा वर चढतो. आणि आधी कागदावर काप. पॅटर्नचा कागद पलंगाखाली आहे.”

कागद त्यांनीच कापला, डाव्या हाताने, वेडावाकडा आणि दातओठ खात. सुनेने मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी नुसतं बघितलं. हात मागे गेला. कागद एका नव्या फळीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा ठेवून सुनेने नव्याने आखलं. या वेळी जोडी जमली.

पुढचे तीन रविवार त्यात गेले. सून डिंक लावून शिकंजे आवळायची, सासूबाई डाव्या हाताने फळी दाबून धरायच्या आणि सूचना द्यायच्या. नवऱ्याने काढलेला कल दोघींनी मिळून बाद केला, कारण त्या कलाने खिडकीचा उजेड थेट पडद्यावर येत होता. तो बिचारा वही मिटून भाजी निवडायला गेला.

तिसऱ्या रविवारी दुपारी पुढच्या पट्टीवर बटणांची भोकं पाडायची होती. सहा भोकं पाडून झाली. सून कानशीने एकेकाची आतली कड गोल करत होती, सासूबाईंनी पट्टी धरली होती. लाकडाचा भुसा दोघींच्या मांडीवर पडत होता. कानस थांबली.

“आई, ते स्टूल...” सून म्हणाली. पुढचं वाक्य तिने अडीच महिने मनात घोळवलं होतं, पण आता तोंडून निघालं ते साधंच. “मी बघायला हवं होतं. तुम्ही सांगितलं होतं.”

“दोनदा,” सासूबाई म्हणाल्या.

“हो. दोनदा.”

सासूबाईंनी पट्टीवरचा भुसा फुंकला. “पाय हलतोय हे मलाही माहीत होतं. तरी चढले. खुर्ची घेऊ शकले असते.” मग त्या म्हणाल्या, “पण मी तुझ्यावर चिडले नव्हते असं नाही. फार चिडले होते. प्लास्टरमध्ये रात्रंदिवस खाज सुटायची, आणि प्रत्येक वेळी तुझंच नाव तोंडात यायचं.”

“आणि आता?”

सासूबाईंनी खरंच विचार केला. माप सांगताना करतात तसा.

“आता अर्धा राग आहे,” त्या म्हणाल्या. “हे भोक अजून खरबरीत लागतंय. घास.”

सुनेने घासलं. डोळे भरून आले होते, पण भुशाचं निमित्त हाताशी होतं. “काही नाही, जाऊ दे” असं सासूबाई म्हणाल्या असत्या तर तिचा विश्वास बसला नसता. अर्ध्यावर बसला.

खेळ सुरू झाला तो सोमवारी. पडद्यावर एक होडी, समोरून येणारे खडक, दांड्याने वाट काढायची. दांड्याची स्प्रिंग सुरुवातीला फार कडक होती, सासूबाईंचं मनगट दोन मिनिटांत दुखून आलं. सुनेने दुकानात जाऊन नरम स्प्रिंग आणून बसवली. फिजिओथेरपिस्टने बेत ऐकून हसून मान डोलावली आणि बजावलं, एका वेळी पंधरा मिनिटं, त्यावर एक मिनिटही नाही. ते पंधरा मिनिटांचं बंधन पाळायला लावताना मुलाच्या नाकी नऊ आले. “हा खडक होऊ दे,” त्या म्हणायच्या, आणि एका खडकाचे चार व्हायचे. होडी आपटली की पडद्याला तोंडाला येईल ते बोलायच्या. आईला असले शब्द येतात हे त्याला चाळिसाव्या वर्षी कळलं.

मनगट हळूहळू सुटत गेलं. भरलेला पेला उचलता येऊ लागला, मग केस विंचरता येऊ लागले. चार महिन्यांनी फिजिओथेरपिस्टने शेवटचं माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“खूप छान सुधारणा आहे, मावशी. पण आता याच्यापुढे फारसं वळेल असं वाटत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे रोजची कामं सगळी होतील. जोर लागणारी, तासन्‌तास चालणारी, ती नाही जमणार.”

सासूबाईंनी “बरं” म्हटलं. बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी खेळाच्या पेटीवर एक जुना पडदा टाकला आणि आत जाऊन निजल्या. तीन दिवस त्यांनी दांड्याला हात लावला नाही. मुलगा समजूत घालायला निघाला होता, सुनेने त्याला दंड धरून थांबवलं. “असू दे,” ती म्हणाली. “एवढी मेहनत केली त्यांनी. वाईट वाटून घ्यायला वेळ तर देशील?”

त्या दिवसांत तिचं नेहमीचं सुरू होतं. कामावर जायची, यायची, चहा ठेवायची. पण मनात एक हिशेब सतत उलटसुलट व्हायचा. आपण पेटी केली ती हात बरा व्हावा म्हणून की आपल्याला बरं वाटावं म्हणून? उत्तर एका बाजूला पडत नव्हतं. दोन्ही खरं असावं, असं तिने शेवटी स्वतःशी मान्य केलं, आणि ते मान्य केल्यावर जरा हलकं वाटलं.

चौथ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं. सासूबाई उशीचा अभ्रा शिवत होत्या. एक सरळ शिवण, मग थांबून मनगट चोळणं, मग पुढची. शिवण वाकडी नव्हती, फक्त वेळ चौपट लागत होता.

“शिवणं होईल, थोडं थोडं,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “जाड कापड कापणं नाही होणार. सकाळी कोटाचं कापड कापून पाहिलं. चार बोटांएवढं कापलं आणि कात्री हातातून पडली.”

सून दारात उभी होती.

“कोट बंद करावे म्हणते. नाहीतर...” सासूबाईंनी अभ्रा बाजूला ठेवला. “तुला सरळ रेषेत कापता येतं. लाकूड का असेना.”

“आई, लाकूड घसरत नाही. कापड घसरतं.”

“घसरतंच. म्हणून तर दाखवावं लागतं.” त्यांनी टेबलावर राखाडी कापड पसरलं, हाताने सपाट केलं आणि खडू पुढे केला. “आणि दुमडून काप. नाहीतर तुझा काही भरवसा नाही.”

सून हसली. हात धुवून आली, कारण बोटांना डिंक होता. कात्री तिच्या अंदाजापेक्षा जड निघाली.

“चुकलं तर?”

“चुकेलच. हे कापड माझं आहे, गिऱ्हाइकाचं नाही.” सासूबाईंनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली आणि उजव्या हाताच्या बोटाने कापडावर वाट दाखवली. “इथून धर. श्वास रोखू नकोस. हं, चालव.”