मुद्दाम आणलेलं रक्त

तुळसीचा पुढचा दात पडला नव्हता, पण आतून मेला होता. शाळेच्या पायऱ्यांवर आपटून दोन महिने झाले तेव्हा तो चक्क राखाडी दिसायला लागला, वर हिरडीला पुळी. नऊ वर्षांच्या पोरीचा पक्का दात तो! आता काढतील या धास्तीने तिने हसणंच सोडलं होतं.

तिचे वडील अंबाजीराव अग्रहार भागात शर्ट-पँटी शिवायचे. ते तिला बोगादीला दातांच्या कानडी डॉक्टर अंबुजांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एक्स-रेवर दाखवलं, की मूळ अर्धवटच आहे, टोक उघडं, भिंती कागदासारख्या. आतला जिवंत गर मेला म्हणून वाढ थांबली. नेहमीचं रूट कॅनाल केलं तरी दात नाजूकच राहणार. एक उपाय होता, खात्री मात्र नव्हती. आत साफ करून औषध ठेवायचं, काही आठवड्यांनी मुळाच्या टोकातून मुद्दाम रक्त आणून आतच साकळू द्यायचं. त्याच्या आधाराने पलीकडच्या जिवंत पेशी आत आल्या, तर मूळ पुन्हा वाढेल.

अंबाजीरावांनी मान डोलावली खरी. पण शिंप्याच्या घरात रक्त म्हणजे गिऱ्हाइकाच्या कापडाचा सत्यानाश. सुई टोचली की आधी बोट तोंडात, कळवळायचं ते मग. त्यामुळे रक्त आणायच्या दिवशी पोकळ दातात लाल ठिपका दिसला मात्र, हे ताडकन उठले आणि ट्रेमधला कापूस घेऊन थेट दाताकडे निघाले.

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं. "अंबाजीराव, सुम्ने, गप बसा बघू. या थेंबासाठीच वीस मिनिटं झटतेय मी."

"हाताची सवय हो, मॅडम," ते पुटपुटले आणि गुपचूप बसले. तुळसीला हसू फुटलं, पण दाताभोवती रबराचा पडदा ताणलेला, हसणार कशी? रक्त साकळलं, वर सिमेंट बसलं.

तीन महिन्यांनी पुळी गेली, पण मूळ होतं तेवढंच. अंबाजीराव रोज सकाळी तिला तोंड उघडायला लावायचे, जसं काही बाहेरून दिसणारच होतं.

वर्षाने डॉक्टरांनी दोन एक्स-रे शेजारी-शेजारी लावले.

"टोक मिटत आलंय. भिंतीही जाड झाल्यात. दात राहिला तुझा, पुट्टी, माझ्या पोरी."

तुळसीने आभार मानायला तोंड उघडलं आणि सरळ रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाल्या, सगळं तुझ्याच शरीराने केलं. तिला ते मुळीच पटलं नाही.

अंबाजीरावांनी खिशातून मापाची टेप काढली.

"कोटाच्या बाह्या फार लांब आहेत तुमच्या, मॅडम. आखूड करून देतो, हात जरा पुढे करा."

डॉक्टरांनी हात पुढे केला.